रापणीचा वाटा

वीस-बावीस वर्षं मी मालवाहू जहाजावर कुक होतो. मोठमोठी बंदरं बघितली, पण लक्षात राहिली ती लहान गावंच. नॉर्वेतल्या एका गावात लाकडी मांडवांवर मासे सुकत टांगलेले होते. तो वास आला आणि मला कोकणातलं माझं गाव, तोंडवली आठवलं. पोर्तुगालच्या किनाऱ्यावरच्या एका गावात तर मासेमार उन्हाळ्यात आपल्याच खोल्या पाहुण्यांना भाड्याने देत आणि स्वतः मागच्या पडवीत झोपत. म्हटलं, हे तर आमचंच गाव!

त्याच गावात माझी फजिती झाली. सकाळी किनाऱ्यावर रापण चालली होती, हुबेहूब आमच्यासारखी. होडीने अर्धगोल टाकलेलं जाळं आणि ते किनाऱ्यावरून ओढायचे दोन दोर. फक्त माणसांच्या मदतीला ट्रॅक्टर. मी धावत जाऊन दोराला हात घातला. जाळं वर आल्यावर वाट्याची वाट बघत वाळूत बसलो. आमच्याकडे दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाला माशांचा वाटा मिळतो, मग तो कोणी का असेना. तिथे मासे खोक्यांत भरून लिलावाला गेले आणि मी आपला बसूनच. शेवटी एका म्हातारीला माझी दया आली. तिने कागदात गुंडाळून सहा तारल्या माझ्या हातात ठेवल्या. तिचे उपकार मी अजून विसरलेलो नाही.

गेल्या वर्षी नोकरी सोडून तोंडवलीला कायमचा परतलो. आई जाऊन पाच वर्षं झाली होती. तिच्या अखेरच्या दिवसांत मी समुद्रावर होतो. रिक्षावाल्याने विचारलं, "कुठल्या होमस्टेला सोडू, साहेब?" तेही मालवणी सोडून शुद्ध मराठीत. ते मनाला फार लागलं. या गावात आपलं काही उरलंय का, हाच प्रश्न डोक्यात घोळत राहिला.

दुसऱ्या सकाळी किनाऱ्यावर गावकरी रापण ओढत होते. मी हात मागे बांधून लांब उभा राहिलो. एकदा तोंडघशी पडलो होतो, पुन्हा नको. तेवढ्यात शेजारची म्हातारी काकी ओरडली, "मेल्या, बघीत काय रवलंस? दोराक हात लाव!"

लावला. तळहात सोलवटून निघाले. मग वाळूत वाटे मांडले गेले आणि काकीने त्यातला एक माझ्यापुढे सरकवला. मला संकोच वाटला. "माका कित्याक, काकी? मी वढलंय तरी कितीसा!"

"आणि शेवटाक तुझी आवस कितीसा वढी?" काकी म्हणाली. "उभ्या रवाक जमा नाय तिका. हयच बसान दोराक नुसतो हात लावी. तरी तिचो वाटो कधी चुकाक नाय."

आई मी पाठवलेल्या पैशांवर जगते, असा माझा इतकी वर्षं तोरा होता. तिच्या ताटातला मासा गावाने वाढला होता. मला रडू आवरेना. तिथल्या एकेकाला हात जोडावेसे वाटले, पण हातांत बांगडे होते.