टेबलाच्या पायाखालच्या कविता

घरात बोलायला माणूस नसलं की किस्से आपोआप साठतात. बायको गेली, लेक पुण्याला. त्यामुळं माझ्याजवळ बरेच आहेत. हे मात्र सगळे एकाच कपाटाभोवतीचे.

मी चौथी शिकलेला. लातुरातल्या एका वाचनालयात शिपाई. आता तिथं वाचक फारसे येत नाहीत. डॉक्टरकीच्या परीक्षेची पोरं दिवसभर आपापले क्लासचे गठ्ठे घेऊन बसतात. कोपऱ्यात मुलांच्या पुस्तकांचं कपाट आहे. पक्षी, तारे, आपलं शरीर आणि दोन खण कविता. मी ते रोज पुसतो.

एकदा अध्यक्ष साहेब म्हणाले, "मामा, महिनाअखेरपर्यंत यातलं एक तरी पुस्तक बाहेर गेलं पाहिजे. न्हाई तर कपाट रद्दीत. तिथं चार टेबलं बसतील."

मी कामाला लागलो.

*

मुरुडची एक बाई पोराला सोडायला आली होती. मी तिच्या हातात ताऱ्यांचं पुस्तक दिलं. चित्रं बघून बाई हरखली. चार पानं उलटून हळूच म्हणाली, "मामा, ह्यातलं पेपरात काय येतं?"

मी म्हणालो, काही येत नाही.

खोटं बोलायला पाहिजे होतं!

*

मग वाटलं, मोठ्यानं वाचलं तर कुणाला गोडी लागेल. जेवणाच्या सुट्टीत ओळीवर बोट ठेवून एक कविता वाचायला लागलो. एका लांब शब्दाला अडलो. निलंग्याची एक पोरगी डबा खात होती. मान न उचलता तिनं तो शब्द सांगितला. मी पुढं सरकलो. तेवढ्यात मागून एकजण म्हणाला, "मामा, भिंतीवरची पाटी पण वाचा की."

'शांतता राखा.' ती मीच लावलेली.

त्यानंतर मी नुसते ओठ हलवून वाचायचो.

*

काही दिवसांनी त्याच पोरीनं आपणहून कपाट उघडलं! कवितांचं एक पातळ पुस्तक काढलं. मी रजिस्टर घेऊन, पेनाचं टोपण काढून तिच्याजवळ पोचेपर्यंत तिनं ते टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवलं होतं. टेबल हलवून बघितलं.

"जाडं बसत न्हाई मामा. हे बरोबर हाय."

काढ म्हणावंसं वाटलं, पण राहू दिलं. कपाटापेक्षा तिथं ते कुणाच्या तरी जवळ होतं. पण नोंद कशी करणार? वाचकाच्या रकान्यात टेबल लिहिता येईना.

*

महिन्याचा शेवटचा दिवस. दुपारी पोरं जेवायला गेली. मी लावलेलीच पुस्तकं परत लावत होतो. ती पोरगी गेली नव्हती. फरशीवर बसली होती, पुस्तक मांडीवर. कव्हरवर टेबलाच्या पायाचा वळ उठलेला. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

बऱ्याच वेळानं तिनं ओढणीनं पुस्तक पुसलं. "मामा, हे रूमवर नेऊ?"

मी नाव विचारलं. वर्षभर समोर बसते, नाव त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी अध्यक्ष साहेब आले. नेमके त्याच टेबलाशी बसले, रजिस्टर पुढं ओढून कोपरं टेकली. टेबल डुललं.

"मामा, ह्याच्याखाली कायतरी घाला की."

"होतं, साहेब. बाहेर गेलंय."