खोटसरांचा स्वतःचा लेख

चांगलं संशोधन वर्गात आणणं आमच्या खोटसरांना कधी जमलंच नाही. बाजारात बाई किडकी वांगी बाजूला काढते, तसे ते डॉक्टरी मासिकांतून किडके लेख हुडकायचे आणि नेमक्या त्यांच्याच प्रती मला सायक्लोस्टाइलवर काढायला लावायचे. मी मेडिकल कॉलेजात शिपाई, चौथी नापास. हा माणूस पगार घेऊन पोरांना चुकीचं शिकवतोय, असं मला कितीतरी दिवस वाटत होतं.

खोटसर हे नाव पोरांनीच ठेवलेलं. लेख वाटून झाला की सर टेबलावर बसून पाय हलवत म्हणायचे, "ह्यात खोट आहे. काढा. नाही निघाली तर ह्यातलंच औषध पाजीन."

एकदा लेखात होतं, अमुक काढा घेतलेल्यांची सर्दी आठ दिवसांत गेली. पोरं आकडे तपासत बसली. मी फळा पुसता पुसता म्हणालो, "सर्दी काढा न घेता बी आठ दिवसांत जाते की."

सर म्हणाले, "मामा पास, डॉक्टर नापास." तेव्हापासून पोरं वर्गाआधी मला चहा पाजून विचारायची, "मामा, आज खोट कुठाय?"

त्याच साली माझ्या बायकोला, पारूला, टीबी निघाला. ती सुया घेईना. एका वैद्याच्या पुड्या चालू केल्या आणि त्याचं पत्रक उशाखाली ठेवलं. दिवसागणिक वाळत चालली होती. मी रडत सरांकडं गेलो. ते म्हणाले, "पत्रकासकट वर्गात आणा त्यांना."

पारू अक्कलकोटकडची, कुणाच्या बापाला न भिणारी. तोंडाला पदर लावून खिडकीशी बसली. पत्रकात बरं झालेल्यांची पत्रंच पत्रं. एक पोरगी म्हणाली, "मेलेले पत्र कसं लिहितील?" वर्ग हसला. पारूही हसली.

मग सरांकडं वळून म्हणाली, "तुमच्या सुईचं पत्रक कुटं हाय?"

सरांनी ऐटीत आपला छापलेला लेख वाचून दाखवला. सुया पुऱ्या केलेले बहुतेक रोगी बरे झाले होते.

"आन मधीच सोडून गेलेले?"

"ते धरले नाहीत."

"का? ते मेल्यावर पत्र लिवणार व्हते?"

सरांचे पाय हलायचे थांबले.

पुढचे चार रविवार सर आणि मी सुया सोडून गेलेल्यांचे जुने पत्ते घेऊन सायकलीवर फिरलो, गावातल्या शुक्रवार पेठेपासून पार बाहेरच्या कुंभारीपर्यंत. काही घरांत फोटोला हार होता. काही गडी ठणठणीत निघाले. एकानं आम्हाला वसुलीवाले समजून कुत्रं सोडलं. मग सर आमच्या खोलीत येऊन फरशीवरच बसले. "पारूबाई, मी लिहिलंय तितकी सुई चांगली नाही. पण सोडणारे जास्त मेलेत. पुऱ्या करणार असाल तर घ्या."

"आता घेते," पारू म्हणाली. "आदी लई बाता मारत व्हता."

सोमवारी सरांनी त्यांचाच लेख माझ्याकडं सायक्लोस्टाइलला दिला. पोरांनी त्याची सालटी काढली. सर असे खूश, जणू पोरगा पास झालाय.

पारूनं वर्षभर कुरकुरत सुया-गोळ्या पुऱ्या केल्या. सरांची बदली झाली, पुढं ते वारल्याचं कळलं. पारू गेल्या वर्षी गेली, नातवंडांची लग्नं बघून. लोक म्हणतात, सरांच्या सुईनंच जगवली हिला. मी व्हय म्हणत नाही. एका रोग्यावरून काही ठरत नसतं, एवढं सरांच्या शिपायाला कळतं.

पण माझ्याकडं पारू एकच होती.