शिवय्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग

हुलसूर भागात लिंगायतांच्या घरात कुणी वारलं की शिवय्यांना बोलावणं यायचं. मृताला खड्ड्यात बसवायचं, कपाळाला विभूती लावायची, जन्मभर गळ्यात बांधलेलं इष्टलिंग त्याच्या तळहातावर ठेवायचं, हे सगळं त्यांच्याकडं. मग रडणाऱ्यांना ते ठरलेलं सांगायचे, "जीव शिवात मिळाला. पाण्यात पाणी. आता वेगळं कुणी उरलंच न्हाई, मग रडायलाव कामून?" ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं. मी त्यांचा शेजारी धनराज, मराठा माणूस. मी म्हणायचो, "अय्या, आमचं बरं. पिंडाला कावळा शिवला की कळतं तरी. तुमच्यात नुसता भरवसा." ते हसून सोडून द्यायचे.

यंदा उन्हाळ्यात त्यांच्या बायको सावित्रम्मा गेल्या. दवाखान्यात तपासणीसाठी त्यांच्या गळ्यातलं लिंग काढायला लावलं होतं. अय्यांनी ते स्वतःच्या लिंगाशेजारी गळ्यात बांधलं. दोन्ही सारख्याच पांढऱ्या कापडात. जागरणांनी माणूस पार पिळून निघाला होता, तरी बायकोचा विधी दुसऱ्या कुणाला करू दिला नाही. हट्टी म्हातारा!

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेला बसले, कापड सोडलं आणि मला हाक मारली. तळहातावर सावित्रम्मांचं लिंग होतं, कडेचा टवका उडालेलं. जन्मभर दोघं शेजारी बसून पूजा करायचे, ओळखायला चुकणार कसे? बाईंच्या हातात अय्यांचं गेलं होतं.

मुलगा वीरेश घाबरला. "अप्पा, माती उकरून बदलू. न्हाई तर अम्माचा जीव कुठं जाईल?"

आपल्या लिंगाची पूजा नाही म्हणून अय्यांनी तोंडात पाणीसुद्धा घेतलं नाही. दिवसभर भिंतीला टेकून बसले.

संध्याकाळी वीरेश कुदळ घेऊन आला तेव्हा म्हणाले, "ठेव ती. दमून बसली हाय, उठवू नको. मी गेलो की हे तिचं माझ्या हातात दे. तिथं गेल्यावर आम्ही बदलून घेऊ."

मला राहवलं नाही. "अय्या, तिथं वेगळं कुणी उरतच न्हाई म्हणायचाव की."

"व्हय, म्हणायचो. लोकांच्या मयतीला. माझं तिच्याजवळ हाय, धनराज. ती थांबल."

मग त्यांनी तिच्या लिंगाची पूजा केली आणि अर्धी भाकरी खाल्ली.

परवा मंठाळला एका मयतीला मीच त्यांना मोटरसायकलवरून नेलं. विधी उरकला. नवरा गेलेल्या लिंगम्मानं त्यांचे पाय धरले, "अय्या, कुठं गेले ओ हे?"

मी पाठ झालेलं ऐकायला उभा राहिलो. अय्यांनी गळ्यातल्या कापडावर हात ठेवला.

"लई लांब न्हाई गेले, अक्का," ते म्हणाले आणि तिच्या शेजारी मातीत बसले.