कुणी विचारलं होतं का, भावजी?

आमच्या भावजींचा दम केवढा होता हे सांगितलं, तर आजची पोरं मला वेड्यात काढतील. मी लग्न होऊन त्या घरात आले त्याच आठवड्यातली गोष्ट. धुणं घेऊन मळ्यातल्या विहिरीवर गेले, तर हे माझे धाकटे दीर पाण्यात उतरले, बुडी मारली आणि वर येईनातच. मी पिळे तिथंच टाकले आणि अशी बोंब ठोकली की शेजारच्या मळ्यातली माणसं मोटा सोडून धावली. तेवढ्यात पलीकडच्या कपारीजवळ यांचं डोकं वर आलं. "काय झालं वैनी? कोण बुडालं का काय?" मला इतका राग आला की त्या दिवशी मी त्यांच्या ताकात मीठच घातलं नाही. त्यांनी ते तसंच पिऊन टाकलं आणि वर म्हणाले, "लय ब्येस झालंय."

मी सांगलीची. हुतूतू हा टवाळ पोरांचा खेळ, अशी माझी समजूत. सासर मात्र कुंडलच्या बाजूचं, नदीकाठचं. तिथं बाळ रांगायच्या आधी हुतूतू म्हणत असेल! भावजी पंधराव्या वर्षापासून गावाच्या संघात होते. दुसऱ्याच्या अंगणात जावं तसे ते समोरच्या हद्दीत शिरत. आरडाओरडा नाही, मांडीवर शड्डू नाही. तोंडानं सारखा हुतूतूचा घोष, बारीक पण खणखणीत, आणि एखाद्याला शिवून परत यायचे तेव्हा तो बिचारा अजून बघतच उभा असायचा. संध्याकाळी मी पाठीला तेल-हळद लावून द्यायची आणि खरचटलेलं बघून ओरडायची. ते म्हणायचे, "आवं वैनी, कातडं परत येतंय. त्याचं काय एवढं?"

एक गोष्ट मात्र ते फार मानत. दम तुटला की नाही, हे पंचानं कान लावून ठरवायचं असतं. पण यात्रेच्या गर्दीत, हलगीच्या कडकडाटात, पंचाला कपाळ ऐकू येणार? बाकीचे खेळाडू त्याचा फायदा घ्यायचे. हळूच श्वास ओढायचा आणि पुन्हा घोष सुरू. भावजी तसलं करत नसत. "दुसऱ्याला कळू दे न्हाईतर न्हाई, आपल्याला कळतंयच की," असं म्हणायचे. मी म्हणायची, असल्या माणसानं खेळायला जाऊच नये, कीर्तनाला बसावं.

आता सासनकाठीचं सांगते, म्हणजे देवाच्या पालखीबरोबर नेतात ती निशाणाची काठी. भैरोबाच्या यात्रेला आमच्या आणि नदीपल्याडच्या गावाचा सामना व्हायचा. जे गाव जिंकेल त्याची उंच काठी पालखीच्या पुढं पहिली चालायची आणि हरलेल्याची मागं. आमच्या गावची काठी घ्यायचा मान आमच्या घरात होता. मामंजी, म्हणजे माझे सासरे, ती खांद्यावर घेत. त्या वर्षी त्यांचे गुडघे धरले होते. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, हे काठीचं शेवटचं वर्ष. सामन्याच्या सकाळी त्यांनी काठीला नवं निशाण बांधलं आणि भावजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एवढ्या वक्ताला पुढनं चालीव मला. मग बसतो घरात."

आम्ही बायका बैलगाडीवर उभ्या राहून बघत होतो. शेवटी आमच्याकडून एकटे भावजी उरले आणि पल्याडचे दोघं. भावजी चढाईला गेले. एकाला शिवले, वळता वळता दुसऱ्यालाही शिवले, आणि त्या दुसऱ्यानं त्यांची कंबर धरली. ओढाओढ, धुरळा, आरोळ्या! भावजी आडवे पडले, सरपटले आणि त्यांचा हात मधल्या रेघेवर पडला. पंचानं हात वर केला. माझ्या शेजारच्या बायकांनी गाडीतच फुगडी धरली. मामंजींनी काठी उचललीसुद्धा.

भावजी उठले, तोंडावरची माती पुसली आणि पंचासमोर जाऊन उभे राहिले. "न्हाई पंच. दम तुटला माझा, रेघंला हात लागायच्या आदीच."

पंचानं ऐकलं नव्हतं. पल्याडच्या गावानंही ऐकलं नव्हतं. ज्यानं कंबर धरली होती तो पोरगाही खुळ्यासारखा बघायला लागला. पण खेळणाराच बाद म्हणतोय म्हटल्यावर पंच तरी काय करणार? आमची काठी मागं गेली.

खोटं कशाला बोलू, मलाही त्यांचा राग आला. मामंजी मिरवणुकीत मागं चालले, मान खाली घालून, आणि घरी येऊन काठी वळचणीला टेकवली. मग भावजींकडं बघून एकच वाक्य बोलले, "तुला कुणी इच्यारलं हुतं का रं?"

"न्हाई आबा," भावजी म्हणाले. "कुणी इच्यारणार नव्हतं, म्हणून तर सांगाय लागलं."

त्यानंतर मामंजींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. घराच्या पुढच्या पडवीत, एकाच सोप्यावर दोघं बसलेले, आणि निरोप माझ्या मार्फत. "सूनबाई, त्याला म्हणावं बैलाला पाणी दाव." "वैनी, आबास्नी म्हणावं दावलं." मला हसूही यायचं आणि रडूही. गावानंही त्यांना पुन्हा संघात घेतलं नाही. 'धर्मराज' म्हणून हिणवायचे. ऐन उमेदीतला गडी, सगळ्या टापूत जोड नाही, आणि त्याचा खेळ असा संपला. दुसऱ्या वर्षी यात्रेच्या आधीच ते साताऱ्याला जाऊन पलटणीत भरती झाले. तेव्हा लढाई जोरात होती. जाताना मामंजींच्या पाया पडले. मामंजींनी पाय मागं घेतले नाहीत, पण तोंडातून शब्दही काढला नाही.

लढाई संपल्यावर भावजी आले. हातपाय धड होते, पण जवळ गोळा फुटून कान गेले होते. अगदी कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर थोडंफार कळायचं. एरवी समोरच्याच्या ओठांकडं बघून ओळखायचे. बोलायचे मात्र मोठ्यानं, साऱ्या आळीला ऐकू जाईल असं.

एका संध्याकाळी दोघं सोप्यावर बसले होते. मी उंबऱ्याशी तांदूळ निवडत होते. मामंजी अंगणाकडं बघत एकदम बोलले, "माझंच चुकलं लेकरा. तू खरं बोलाय नगं हुतं, असं कवाच म्हणाय नगं हुतं मी."

भावजी तंबाखू मळत होते. मामंजींचं तोंड अंगणाकडं होतं. त्यांना काही कळलं नाही. मामंजींनी थोडी वाट पाहिली, मग उठून काठी टेकत आत गेले. मी सूप टाकून धावले आणि भावजींच्या कानात ओरडून सगळं सांगितलं. त्यांचे डोळे भरले. पण म्हणाले, "सोता माझ्याकडं बगून म्हणू द्या की एकदा."

तेव्हापासून ते रोज संध्याकाळी बापाच्या समोर तोंड करून बसायचे. मामंजी पावसापाण्याचं बोलायचे, बैलांचं बोलायचे. ते चुकल्याचं वाक्य मात्र पुन्हा बोलले नाहीत. एकदा बोलायलाच त्या माणसाला इतकी वर्षं लागली होती! मी दोनदा सुचवून पाहिलं, तर माझ्यावरच खेकसले.

थंडीच्या तोंडाला मामंजी गेले. शेवटचा सगळा दिवस भावजी उशाशी बसून त्यांच्या ओठांकडं टक लावून बघत होते. प्राण गेला तशी आमच्या आत्याबाईंनी, मामंजींच्या बहिणीनं, भावजींना पोटाशी धरलं आणि त्यांच्या कानाशी आक्रोश केला, "तुझंच नाव घेटलं रं शेवटाला! माझं लेकरू खऱ्याचं, म्हणला!"

भावजींनी तिचे हात हलकेच सोडवले. "न्हाई आत्ती. मी बगत हुतो. व्हट हाललं न्हाईत."

 मग माणसांनी भरलेल्या त्या सोप्यात ते माझ्याकडं वळले. "वैनी, पर त्या दिशी म्हणलं हुतं न्हवं? हितं बसून?"

मी डोक्यावरचा पदर सावरायलाही थांबले नाही. साऱ्या गावासमोर, मयताच्या घरात, होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडले, "व्हय भावजी! म्हणाले होते! माझंच चुकलं, असं म्हणाले होते!"

ते माझ्या ओठांकडं बघत होते. त्यांनी मान डोलावली.

"मग झालं तर," म्हणाले, आणि बापाला खांदा द्यायला उठले.