पन्हळीच्या अलीकडचा दगड

मी दवाखान्याच्या खाली टपरीवर चहा घेत होतो, तेव्हा वैशालीचा फोन आला. वैशाली माझी मुलगी. एवढंच म्हणाली, "बाबा, वर या." रोज ती म्हणायची, बाबा, येताना पाण्याची बाटली आणा, नाहीतर केळी आणा. त्या दिवशी काहीच आणायला सांगितलं नाही. तिथंच कळलं. मी चहा संपवला. हे सांगितलं की लोकांना विचित्र वाटतं, बायको गेली आणि हा चहा पीत बसला. पण कप हातात होता, टाकून तरी काय होणार होतं... वर गेलो तर सुमनच्या नाकातली नळी काढलेली होती. कित्येक महिन्यांनी तिचं नाक मोकळं दिसलं. चमकी तेवढी होती.

नंतर माणसं भेटायला आली. जो येईल तो म्हणायचा, सुटली बिचारी. कशातून सुटली ते कोणी सांगत नव्हतं. दम लागत होता म्हणून काय तिला जगायचं नव्हतं? एकाला मी तसं विचारलंही. तो पुन्हा आला नाही, बरं झालं. मग ऑक्सिजनचं मशीन न्यायला माणूस आला. ते मशीन आमच्या खडकीच्या खोलीत रात्रंदिवस घरघरायचं, मी त्याला शिव्या द्यायचो. ते गेल्यावर खोली अशी गप्प झाली की मला झोप येईना. आता वैशाली म्हणते, बाबा, मनात आहे ते लिहून काढा, पेपरच्या पुरवणीत देऊ. पुरवणीत मोठ्या माणसांवर लिहितात. सुमन मोठी नव्हती, आणि मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. तरी लिहितो. चुकलं तर वैशाली बघून घेईल.

माझा धंदा फरशी पॉलिशचा. लग्न झाल्यापासून सुमन माझ्याबरोबर कामावर यायची. मी मशीन फिरवायचो, ती पाणी मारायची, चिखल ओढायची, आणि मशीन जात नाही ते कोपरे हातातल्या बट्टीनं घासायची. बट्टी म्हणजे घासायचा दगड, साबणाच्या वडीएवढा. तेव्हा सगळं काम ओलं, धुळीचा प्रश्न नव्हता. मग लोकांना ग्रॅनाइटचे ओटे पाहिजे झाले आणि कटर आला. बंद फ्लॅटमध्ये कोरडा दगड कापायचा, सुमन पलीकडचं टोक धरून उभी. पदर नाकाला. पदरानं काय होतं? संध्याकाळी आम्ही दोघं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसायचो आणि एकमेकांना हसायचो. धूळ दोघांनी सारखीच खाल्ली. मला काही झालं नाही, तिला झालं. का, ते मी प्रत्येक डॉक्टरला विचारलं. एक म्हणाला, नशीब. त्याला म्हटलं, हे सांगायला एवढं शिकलात?

तिला खोकला लागला होता त्या सुमाराला मला घाटावरच्या एका बंगल्याचं काम मिळालं. खाली तळं, चारी बाजूंनी डोंगर. तळ्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या रविवारी अजून गाड्या जातील आणि तिथंही वडापावचे कागद दिसतील. काम संपेपर्यंत आम्ही तिथंच राहिलो. उन्हाळ्याचे दिवस होते. इकडे खडकीत पत्रा तापून भाकरी भाजावी असा, आणि तिथं अंगाला घाम नाही की शाल लागत नाही. संध्याकाळी काम आटोपून तळ्याकाठी फिरायला निघायचो. चार दिवसांनी सुमन वाटेत थांबून म्हणाली, "अहो, मी आज खोकलेच नाही." माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

तेव्हापासून जमेल तेव्हा आम्ही तिकडं जायला लागलो. पहाटे खडकीहून स्वारगेट, तिथून एस्टी. आमच्या वयाची माणसं देवाला नाहीतर लग्नाला जातात. ही दोघं तळ्याला कशाला जातात, म्हणून शेजारी हसायचे. सुमन सांगायची, "श्वास घ्यायला जातो. तुम्हाला इथंच मिळतो, तुमचं बरं आहे."

तळ्याभोवती तीन वाटा आहेत. एक अगदी पाण्याजवळून, गुरांची, चिखलाची. एक वर कड्याच्या पायथ्यानं, ती पोरांची, दोऱ्या आणि मोठ्या बॅगा घेऊन येणाऱ्यांची. त्यांनी दगडांवर रंगाचे बाण काढून ठेवलेत, जसं काही तळं हरवणार आहे. आमची मधली. आधी जांभळीच्या गर्द झाडीतून जाते, तिथं दुपारीही संध्याकाळ असते. मग उघडा कातळ, मग कारवीचा उतार, मग एक ओढा, आणि फिरून परत जिथून निघालो त्या महादेवाच्या देवळापाशी. एस्टी देवळापाशीच थांबते.

आता गंमत ऐका. देवळामागं झरा आहे. त्याचं पाणी पिंडीवरून येतं आणि दगडी पन्हळीतून वाट कापून तळ्यात पडतं. पन्हळ वीतभर रुंद. आम्ही निघायचो पन्हळीच्या या बाजूनं, सगळ्या तळ्याला वळसा घालून पोचायचो पन्हळीच्या त्या बाजूला. समोर एस्टी उभी दिसायची. एक पाऊल टाकलं की झालं. पण सुमन टाकायची नाही. महादेवाचं पाणी ओलांडायचं नसतं. तिचं माहेर महादेवाच्या देवळाला लागून, लहानपणी ती देवळाचं अंगण झाडायची, तिच्यात हे मुरलेलं. वरून जावं तर कडा, खालून जावं तर तळं. म्हणजे काय, तर आल्या वाटेनं पुन्हा सगळ्या तळ्याला उलटा वळसा. मी पहिल्या वेळी चिडलो. म्हटलं, "महादेव काय काठी घेऊन बसलाय का?" ती म्हणाली, "तुम्ही जा ना ओलांडून. मी येते फिरून." असं म्हटल्यावर कोण जातो? एकदा वरच्या वाटेची पोरं तिथं भेटली. एक मुलगी म्हणाली, "काकू, केवढंसं आहे, जंप मारा ना!" सुमन म्हणाली, "तुझ्या उड्या तुला लखलाभ, बाई. मी आपली चालते."

परत फिरायच्या आधी ती पन्हळीच्या अलीकडं एका दगडावर बसायची. काळा ओबडधोबड दगड. ती दम खायची तोवर माझ्या हातांना काम नसायचं. मग मी पिशवीत बट्टी ठेवायला लागलो. ती बसायची त्याच्या शेजारची बाजू घासत राहायचो. ती ओरडायची, "इथंही धूळ उडवता?" म्हणून आधी ओंजळीनं पाणी मारायचं आणि मग घासायचं. अशी कितीतरी वर्षं गेली. दगड बसण्यापुरता गुळगुळीत झाला. चकाकी मात्र येईना. काळ्या कातळाला नुसत्या हातानं चकाकी येत नाही. ओला असतो तोवर आरसा, वाळला की दगड. सुमन म्हणायची, "बिल कोणाच्या नावानं फाडणार?"

पुढं पुढं तिचं चालणं आटत गेलं. आधी कातळापर्यंत जाऊन माघारी, मग जांभळीपर्यंत, मग देवळाच्या पायरीवरच बसून राहायचं आणि पाण्याकडं बघायचं. तिथं पर्यटनवाल्यांनी पाटी लावली आहे, इथली हवा वर्षभर सौम्य असते. ती पाटी वाचून ती हसली होती. "हवा सौम्य आहे हो, आत जायला तयार नाही एवढंच."

गेल्या हिवाळ्यात ती अडून बसली. सगळा वळसा घालायचाच. वैशाली रडली, डॉक्टरांनी हात जोडले. मी म्हटलं, चल. कोणी मला त्यावरून अजून बोलतं. बोलू दे. तिनं मागितलेलं दुसरं काही मला देता येण्यासारखं नव्हतं. पहिल्या एस्टीनं पोचलो. ती दहा पावलं चालायची आणि झाडाला धरून उभी राहायची. कातळावर आम्ही भाकरी खाल्ली. कारवीच्या उतारावर ती बसून बसून उतरली, लहान मूल जिना उतरतं तशी. ओढ्यात मी तिला पाठुंगळीला घेतलं. एवढी हलकी झाली होती, मला सहन होईना... पन्हळीच्या अलीकडच्या दगडापाशी आलो तेव्हा उन्हं कलली होती. तिचे ओठ जांभळे पडले होते. ती दगडावर टेकली आणि छाती उडायला लागली. समोर, एका पावलावर, एस्टी उभी. आणि मागं सगळं तळं.

मी म्हटलं, "सुमन, आता पुरे. मी उचलून नेतो. पाप लागायचं ते मला लागू दे." तिनं हात हलवून नाही म्हटलं. जरा वेळानं बोटानं एक झाड दाखवलं, रुंद पानांचं. म्हणाली, "एक पान आणा." मला वाटलं वारा घालायला. आणलं. ती उठली, वाकून ते पान पन्हळीवर आडवं ठेवलं, वाहून जाऊ नये म्हणून वर खडा ठेवला, नमस्कार केला आणि ओलांडून पलीकडं गेली.

मी बघतच राहिलो. म्हटलं, "हे चालतं?"

"चालतं. पान, गवत, काहीही टाकलं की दोष नाही. लहानपणापासून ठाऊक आहे मला."

"मग इतकी वर्षं...?"

तिला बोलायला वेळ लागला. एकेक शब्द श्वास घेऊन बोलली. "ओलांडलं की एस्टी. एस्टी की स्वारगेट. स्वारगेट आलं की माझा दम. घाई कोणाला होती?"

तिनं पन्हळ ओलांडली याचा अर्थ मला कळला होता आणि मला कळला हे तिला कळलं होतं. एस्टीत ती खिडकीशी बसली. तळं दिसेनासं होईपर्यंत काच उघडी ठेवली. त्यानंतर ती घराबाहेर पडली ती दवाखान्यात जायलाच.

परवा मी एकटा गेलो. वैशाली म्हणाली, "बाबा, एकटे नका जाऊ. कुठं पडलात तर?" म्हटलं, पडलो तर पडलो, तिथली हवा चांगली आहे. तिला ते आवडलं नाही. मधल्या वाटेनं सगळा वळसा घातला. झाडी तीच, कातळ तोच, कारवी माजलेली. वाटेवर बोलायला कोणी नव्हतं, तरी मी दोनदा थांबून मागं बघितलं. इतक्या वर्षांची सवय, ती मागं राहिली की थांबायचं.

दगडावर एक जोडपं बसलं होतं. मुलीनं हात फिरवून विचारलं, "आजोबा, हा असा स्मूथ कसा झाला? पाण्यानं?"

"हो," मी म्हटलं. "पाण्यानं."

ते उठले आणि पन्हळीवरून उडी मारून गेले. मी ओंजळीनं पाणी आणलं, दगडावर मारलं आणि बट्टी काढून घासत बसलो. समोर एस्टी लागली होती. कंडक्टर ओळखीचा झालेला. त्यानं हाक मारली, "काका, या की, काकू कुठायत?" मी नुसता हात हलवला. झाडही तिथंच होतं, पानंही होती. एक पान टाकायचं आणि जायचं. सुमननं जाता जाता शिकवून ठेवलं होतं. ओलांडलं की एस्टी. एस्टी की स्वारगेट. स्वारगेट की खडकी, आणि ती गप्प खोली... ही गेली तरी संध्याकाळची गाडी होती.

मी बट्टी पिशवीत टाकली आणि आल्या वाटेनं माघारी फिरलो. ओढ्याच्या वळणावरून मागं बघितलं तर दगड अजून ओला होता, लांबूनही ओळखू येत होता. कारवीच्या उतारावर चढून पुन्हा बघितलं. तोवर वाळला असणार. तिथले सगळे दगड सारखेच दिसत होते.