चार हात वाट

टीचर गेली, हे तिच्या भाचीने मला गडग्यापलीकडून सांगितलं. मी खळ्यात कोकमाची सोलं वाळत घालत होते. हातातली पसरून झाली, मग गेले. त्याला सहा आठवडे झाले. सगळे म्हणतात, तिच्याबद्दल चांगलं लिहा. मी चौथी शिकलेली, झालं ते लिहिते.

आमची घरं वेंगुर्ल्याबाहेर, शेजारी शेजारी. ती हायस्कुलात भूमिती शिकवायची. आमच्या कुंपणाच्या दगडी गडग्याला लागून तिची जमीन, आणि तिच्यातूनच आमची रस्त्यापर्यंतची वाट. रिटायर झाल्यावर तिने तिथे चिऱ्यांचा गडगा घालायला काढला. माझ्या घरवाल्याला तेव्हा छातीचं दुखणं होतं. कळ आली की चौघांनी खुर्चीत घालून रस्त्यावर न्यायचा. म्हणून चार हात वाट सोडायचं तिने कबूल केलं. खुंट स्वतः ठोकले, आमच्या गडग्यापासून सगळीकडे समुद्राच्या दिशेला चार हात. आकार हुबेहूब आमच्यासारखा. दोन थर चढले आणि मला दिसलं, माडापाशी आमचा गडगा बाहेर फुगतो तिथे वाट आवळली होती.

"माका फसवतंस गो टीचर?"

"सगळीकडे चारच हात आसत. मी मोजलंय."

"मग बस खुर्चीत. तुकाच न्हेतंव."

ती खरंच बसली. गवंड्याने आणि त्याच्या तीन माणसांनी खुर्चीला बांधलेले बांबू खांद्यावर घेतले. "नाताळात खाल्लेले गोड नेवरे भोवले, टीचर!" गवंडी म्हणाला. माडापाशी खुर्ची अडकली, पुढच्याचं कोपर सोललं. मग कोणी हसेना. ती तशीच बसून दोन्ही गडग्यांकडे बघत राहिली...

"चूक माझी," ती उतरून म्हणाली. "आकार सारखो म्हणजे समांतर न्हय. वळणावर अंतर वाटेक आडवा मोजूचा असता."

चार हातांची काठी घेऊन ती आमच्या गडग्याच्या कडेने पावलापावलाने फिरली. काठी दर ठिकाणी गडग्याला काटकोनात. टोक पोचेल तिथे खुंट. नवं वळण आमच्यापेक्षा मोठं, पसरट झालं आणि तिच्या जमिनीत चांगलंच आत गेलं. तो फुगवटा मुळातला नव्हता. टीचर बदलीच्या गावी असताना तिच्या हद्दीतला माड आत घ्यायला माझ्या घरवाल्याने गडगा पुढे सरकवला होता. दगड मीच उचलून दिले होते.

शेवटचा खुंट ठोकून ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी तुझ्या गडग्यापासून मोजलंय. तुझो गडगो आदी खंय होतो, ह्या विचारूक नाय."

मी म्हटलं, "चाय घेतंस?"

त्याच पावसाळ्यात घरवाल्याला तिथून नेलं. खुर्ची कुठे घासली नाही, तो बरा होऊन परत आला. टीचरशी रोज बोलणं व्हायचं, पण गडग्याचं कधीच नाही. तिच्या शेवटच्या आठवड्यात मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा औषध घेतलं का, एवढंच विचारलं.

गेल्या सोमवारी गवंड्याला बोलावून आमचा गडगा होता तिथे मागे घ्यायला सांगितलं.

"काकी, मग थंय वाट रुंद होतली. समांतर खंय रवतली?"

"नाय रवली तर नाय."

माड आता बाहेर आहे. भाचीला म्हटलं, नारळ तुमचे. तिने विचारलं, का? मी पहिल्यापासून सांगितलं.