जेवणानंतरच्या प्रार्थनेला आमेन

"तू मोजणीत नाहीस. पडद्यामागे जा."

बाबांना जाऊन वर्ष झालं त्या संध्याकाळी आमच्या सेक्रेटरीकाकांनी मला हे सगळ्यांदेखत सुनावलं.

आम्ही बेने इस्रायल, मराठी बोलणारे ज्यू. नौपाड्यात एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचा प्रार्थनेचा छोटा हॉल आहे. गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, कद्दिश, म्हणायचं तर दहा पुरुष लागतात. नऊच आले होते. मी बाबांची एकुलती एक. मला हिब्रू वाचता येत होतं, कद्दिश तोंडपाठ होतं. तरी नवाचे नऊच.

"अगं, नियम आहे," काका म्हणाले. "तू तुझं फर्निचर विक. इथं घासाघीस नको."

बाकीचे हसले. त्यांच्या बुडाखालच्या खुर्च्या माझ्या गोदामातून फुकट आलेल्या. त्या उतरवून घेताना मी बाई आहे हे कोणाला आठवलं नव्हतं.

वाचायला मला राब्बीबाईंनी शिकवलं. त्यांचे आजी-आजोबा डोंबिवलीहून इस्रायलला गेलेले. जन्म तिकडचा, मराठी आजीचं, जुन्या वळणाचं. रीतसर शिकून राब्बी, म्हणजे धर्मगुरू, झालेली बाई. दर हिवाळ्यात तीन महिने येतात, रविवारी हॉलमध्ये बायकांना आणि पोरांना शिकवतात. हॉलच्या कमिटीला फोटोत त्या मधोमध हव्यात. प्रार्थनेला मात्र पडद्यामागे, बायकांत.

मी त्यांना म्हटलेलं, "बाबांचं कद्दिश तुम्हीच म्हणा."

"मी शिकविते. म्हणावयाचे तुम्हीच."

तेव्हा राग आला होता. शिकले मात्र.

शेवटी शेजारच्या बिल्डिंगमधून फोन करून एकाला बोलावलं. "मॅच चालू होती ना काका," म्हणत तो आला. हिब्रूचं एक अक्षर येत नाही. पण पुरुष. मोजणी पूर्ण. बाबांना मुलगा नाही, म्हणून कद्दिश म्हणायचं कामही काकांनी त्याच्याच गळ्यात टाकलं. हिब्रू प्रार्थनांचं देवनागरीत छापलेलं पुस्तक त्याच्या हातात कोंबलं. त्यानं पान उघडून सुरुवात केली.

दुसऱ्याच ओळीला माझ्या अंगाची आग झाली. तो जेवणानंतरची प्रार्थना म्हणत होता. पोटभर जेवू घातल्याबद्दल देवाचे आभार. शेवटचे बारा दिवस बाबांच्या घशाखाली पाणीसुद्धा धड उतरलं नव्हतं.

तो श्वास घ्यायला थांबला की नऊ जण आमेन म्हणत. डोळे मिटून. काकासुद्धा. ही माणसं मला नियम शिकवणार!

"पान चुकलंय," मी पडद्यामागून ओरडले.

"गप्प बस! आमेन झालं. पोचलं त्याला."

पोचलं म्हणे. भलत्या पत्त्यावर टाकलेल्या मालावर मी कधी पोचल्याची सही घेतली नाही.

मी उठले. शेजारी राब्बीबाई बसल्या होत्या. त्यांनी पाय आत घेऊन मला वाट दिली. पडदा सारून मी पुरुषांच्या मधोमध उभी राहिले आणि कद्दिश म्हटलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, न अडखळता. तिघं चपला घालून चालते झाले. आमेन आलं ते पडद्यामागून, बायकांचं.

"हे धरलं जाणार नाही," काका म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात राब्बीबाईंचा वर्ग कमिटीनं बंद केला. मग काकांचा फोन. "दोन ओळींची माफी लिहून दे, वर्ग उद्या चालू. व्यवहारात तू हुशार आहेस, बघ."

खरं सांगते, मी डगमगले. अकरा मुलं होती वर्गात. माझं सगळं आयुष्य देवाणघेवाणीत गेलं, दोन ओळी म्हणजे काय? मी राब्बीबाईंना विचारलं, "लिहू का? मुलांसाठी?"

"लिहा हवे तर. मग त्या मुलांना मी काय शिकवू?"

मी लिहिलं नाही. वर्ग आता बाळकुमला माझ्या गोदामात भरतो. आठच मुलं येतात. तिघांच्या बापांनी पाठवणं बंद केलं. त्यांच्या दारात मी जाणार आहे, आणि मी दारातून रिकाम्या हातानं परत येणाऱ्यांतली नाही.

कमिटीची मोजणी कमिटीला लखलाभ. पुढच्या वर्षी बाबांच्या दिवशी मी त्याच हॉलमध्ये पडद्याच्या अलीकडे, पुरुषांच्या बाजूला उभी राहीन. दार लावलं तर जिन्यात. जिन्यातून हाकललं तर खाली रस्त्यावर. कद्दिश मीच म्हणणार.